कार्तिक सरताना एकट्यानं दोन रात्री तंबूत, सोबत कॅमेरा – मराठवाड्यात कुठं जावं?

वाकळ – ४ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय ते आज विचारून टाकतो. यंदा कार्तिक अमावास्या २० नोव्हेंबरला, गुरुवारी आहे. तिला लागून २१ आणि २२ ह्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री मला एकट्यानं उघड्यावर काढायच्यात. छोटा तंबू घेतलाय, कॅमेरा जुना क्रॉप सेन्सरचा आहे, ट्रायपॉड आहे, मित्राची ११-१६ एफ २.८ लेन्स मिळणार आहे. राहायला संभाजीनगर, वाहन मोटारसायकल.

पाहिजे काय तर अंधार, मोकळा माळ आणि उत्तर-ईशान्येला उघडं क्षितिज. कुसळीचं गवत वाळून संध्याकाळी जे पेटल्यासारखं दिसतं ना, ते पण पाहिजे. सह्याद्रीत जा, भंडारदऱ्याला जा असं कृपया सांगू नका. आपल्याकडं बघण्यासारखं काही नाही असं आपणच म्हणतो आणि मग आपलीच पोरं तसं समजून बसतात, मला ते पटत नाही.

घरी म्हणतात कुणाला तरी सोबत ने. मला एकट्यालाच जायचंय. त्याला कारण आहे, ते नंतर कधीतरी सांगतो.

कन्नडकर – ४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

गौताळा! दुसरं नाव घेऊच नका. पितळखोऱ्याच्या वरचं पठार नाहीतर अंतूर किल्ला. नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं, मोर, भेकर, नशीब असलं तर बिबट्या. मी स्वतः अंतूरवरून सूर्योदय काढलाय, खाली खानदेश धुक्यात बुडालेला होता.

रानजाई – ४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

कन्नडकर, फोटो छान असतील पण सल्ला चुकीचा आहे. गौताळा औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथं परवानगीशिवाय शिरताच येत नाही, तंबू ठोकणं तर लांबच. आणि किल्ला संरक्षित स्मारक असेल तर तिथंही रात्री थांबता येत नाही. बिबट्या दिसला तर 'नशीब' कुणाचं, माणसाचं की बिबट्याचं? आपण एक रात्र राहून जातो, पण माणसाला सवकलेलं जनावर पुढं गावात मारलं जातं.

कन्नडकर – ४ नोव्हेंबर, रात्री ११:१८

मी सकाळी गेलो होतो ताई, रात्री नाही. पण मान्य, लिहिताना तो फरक सांगायला पाहिजे होता. वनखात्याकडं आधी विचारून त्यांच्या विश्रामगृहात सोय होते का बघा, तेच सरळ.

तुरीचं_वरण – ५ नोव्हेंबर, सकाळी ७:३१

आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं कॅम्पिंग केलं, त्याला पीक राखायची जागल म्हणायचे. तंबूच्या जागी माळा अन् कॅमेऱ्याच्या जागी गोफण 😄

गोदाकाठ – ५ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

पैठणच्या नाथसागराच्या काठाला या. रात्री आभाळ पाण्यात उतरतं. एक मात्र आधीच सांगतो म्हणजे तुमचा हिरमोड होणार नाही. लोक तुम्हाला रोहित पक्षी बघायला म्हणून नोव्हेंबरात पाठवतील. रोहित उथळ चिखलात चरतो. धरण काठोकाठ भरलेलं असलं की चिखल पाण्याखाली असतो, मग त्यानं चरायचं कुठं? पाणी उतरायला लागलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये दलदल उघडी पडते, तेव्हा खरी गर्दी. आत्ता तुम्हाला चक्रवाक दिसतील, जोडीजोडीनं. पट्टकादंब यायला लागतात, ते हिमालय ओलांडून आलेले असतात. पहाटे त्यांचा आवाज ऐकला की मला अजूनही अंगावर काटा येतो, वीस वर्षं झाली बघायला लागून.

पण जलाशय पण अभयारण्यच आहे, तेव्हा काठावर नको, मागच्या एखाद्या शेतात मालकाला विचारून थांबा. आणि दव! पाण्याजवळ रात्री बारानंतर लेन्स अशी भिजते की पुसून पुसून हात दुखतात.

शटरवाला – ५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

दवाचा विषय निघालाच आहे तर सगळंच लिहितो, कारण ह्याच्यामुळं माझ्या किनवटच्या तीन रात्री वाया गेल्यात.

लेन्स पुसू नका, पुसली की डाग फिरतो आणि परत धुकट होते. दव पडायला लेन्सची काच हवेपेक्षा गार व्हावी लागते, म्हणून तिला जरासं कोमट ठेवायचं, बास. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी मिळते, ती लेन्सच्या तोंडाशी गुंडाळायची. नसेल तर लोकरीचा पायमोजा कापून घाला आणि त्यात हात गरम करायची पुडी खोचा. बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात, जास्तीच्या बनियनच्या खिशात ठेवा. फोकस ऑटोवर सोडू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा मोठा करून हातानं बारीक करा आणि रिंगला चिकटपट्टी लावून टाका.

एक्सपोजर किती तर ५०० ला फोकल लेंथनं भागा, तुमचा क्रॉप सेन्सर आहे म्हणून आधी तिला दीडनं गुणा. १६ वर साधारण २० सेकंद आले. आयएसओ ३२०० पासून सुरुवात. ताऱ्यांच्या रेषा काढायच्या असतील तर लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर दोन फ्रेममध्ये तेवढाच वेळ कॅमेरा गप्प बसतो आणि रेषेत फटी पडतात.

आता माझा प्रश्न. ह्या दिवसांत सगळे पूर्वेला तोंड करतात, साडेआठपर्यंत मृग वर येतो, दहाच्या आत व्याध. तुम्हाला उत्तर-ईशान्यच का पाहिजे?

वाकळ – ५ नोव्हेंबर, रात्री ९:४५

शटरवाला दादा, हे सगळं वहीत उतरवून घेतलं, आभार. ईशान्येचं सांगतो, जरा थांबा.

मांजराकाठचा_डॉक्टर – ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

तब्येतीचं थोडं. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊन झोपायचं नाही, चेन बंद केली की तर बिलकूलच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. माझ्यासमोर बंद खोलीतल्या शेगडीच्या केस आलेल्या आहेत.

दुसरं साप. लोक समजतात थंडीत साप नसतात. घोणस थंडीतही फिरते, ह्याच महिन्यांत तिच्या जोड्या लागतात. खडकाळ माळावर फुरसं. बूट सकाळी झटकून घाला, लघवीला उठलात तरी बॅटरी लावूनच पाय टाका. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हलायचं कमी आणि सरळ दवाखाना. प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे जायच्या आधी फोन करून विचारून ठेवा.

परभणीची_थंडी – ६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

डॉक्टरांनी शेगडी काढून घेतली, आता उबेचं मी सांगते. थंडी वरून कमी अन् खालून जास्त वाजते. तंबूखाली सोयाबीनची गुळी नाहीतर कडब्याच्या चार पेंढ्या पसरा, वर वाकळ टाका. तुमचं नावच वाकळ आहे, तुम्हाला काय सांगायचं!

रानजाई – ६ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

एकटं जाण्याबद्दल. मी गेल्या वर्षी रामलिंगच्या बाजूला एक रात्र एकटी राहिले होते, अभयारण्याच्या बाहेर, एका देवळाच्या ओवरीत. आधी पोलीस पाटलांना भेटले, नाव-गाव सांगितलं, गाडीचा नंबर दिला, ११२ स्पीड डायलला ठेवला. पुरुष माणसाला एवढं करावं लागत नसेल, पण तुम्हीही कराच. अनोळखी माणूस रात्री शेतात बॅटरी मारत फिरायला लागला की गावकऱ्यांना चोरच वाटणार, मोटारी चोरीला जातात हो शेतातल्या.

पहाटे चारला काकड्याच्या टाळांनी जाग आली. पाच बायका, दोन म्हातारे अन् एक लहान पोरगा. मी कॅमेरा काढलाच नाही, नुसती बसले. एका मावशींनी काही न विचारता माझ्या अंगावर शाल टाकली. फोटो एकही नाही त्या रात्रीचा, तरी सगळ्यात जास्त तीच आठवते.

पाटोद्याचा – ६ नोव्हेंबर, रात्री ११:५२

दोन दिवस वाचायलोय, लिहू का नको करत होतो. राग धरू नका कुणी.

आमच्याकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतंय. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या निघत्यात, आई-बाप आत्ताच गेले, खाली पश्चिमेला. चार-पाच महिने त्यांचं घर म्हंजे कोपी. पाचट, बांबू अन् वर प्लास्टिक. मी चौथीपर्यंत तिथंच वाढलो, मग आजीनं ठेवून घेतलं म्हणून शिकलो. तुम्ही सगळे तंबू, दव, गुळी लिहिताय ते वाचून मला कायतरी होतंय. चूक तुमची नाही, मला पण तारे आवडतात. पण उघड्यावर झोपायची हौस असणं अन् उघड्यावर झोपावं लागणं ह्यात आमच्या जिल्ह्याचा अर्धा जन्म गेलाय.

एकच विनंती. बीडकडं आलात तर कोपीचा, टोळीचा, ऊस भरलेल्या गाडीवर झोपलेल्या लेकराचा फोटो न विचारता काढू नका. लई लोक काढून नेत्यात अन् बक्षिसं मिळवत्यात.

वाकळ – ७ नोव्हेंबर, रात्री १:०८

पाटोद्याचा, राग कसला धरायचा. झोप येईना म्हणून लिहितोय. आता कारण सांगतो, तुम्ही एवढं मनातलं लिहिल्यावर मी लपवून ठेवणं बरोबर नाही.

आमचं मूळ गाव धारूरकडचं. आजोबांची घाटमाथ्याला सात एकर कोरडवाहू होती. ७२ च्या दुष्काळानंतर ती विकली, बाबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. मग ते संभाजीनगरला आले, कारखान्यात लागले, परत कधी रानात राहिले नाहीत. पण लहानपणी रात्री लाइट गेली की आम्हाला गच्चीवर नेऊन सांगायचे. ज्वारीच्या जागलीला ते आणि त्यांचा चुलतभाऊ पाळीपाळीनं जागायचे. घड्याळ नव्हतं. म्हातारीचं बाजलं उगवलं की अर्धी रात्र, मग त्याच्या मागून एकेक चोर वर येणार, आणि तिसरा चोर दिसला की भावाला उठवायचं. बाजलं म्हणजे सप्तर्षीचे चार तारे, चोर म्हणजे शेपटीचे तीन. आम्ही म्हणायचो बाबा, दिसत नाही. गच्चीवरून खरंच दिसायचं नाही, त्या बाजूला कंपन्यांचा उजेड. ते म्हणायचे, माळ्यावरून दिसतं, नेईन एकदा.

गेल्या पौषात बाबा गेले. न्यायचं राहून गेलं.

मी आकाशाच्या ॲपवर बघितलं, नोव्हेंबरच्या शेवटी बाजलं मध्यरात्रीनंतर उत्तर-ईशान्येला पुरतं वर येतं आणि शेवटचा चोर पावणेतीन-तीनला. म्हणजे बाबांचा हिशेब बरोबर होता. मला तो फोटो काढायचाय. गावात आमचं आता कुणीच नाही, शेत कुणाकडं आहे माहीत नाही. म्हणून 'कुठंही चालेल' असं म्हणून विचारत होतो.

शटरवाला – ७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

कुठंही चालणार नाही. तिथंच जा.

गोदाकाठ – ७ नोव्हेंबर, सकाळी ८:२२

शटरवाला +१. नाथसागर कुठं पळून जात नाही, फेब्रुवारीत या, रोहित मी दाखवतो.

तुरीचं_वरण – ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

माझ्या आजोबांचं पण बाजलंच होतं. 'बाजल्याचे पाय जरा वाकडे हायत' म्हणायचे. आज त्यांच्या फोटोला हार घातला, उगाच.

पाटोद्याचा – ७ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

दादा, धारूरकडं माझी मावशी दिलीय. सात-बारा ऑनलाइन निघतो, जुना गट नंबर असला घरात तर शोधा. नसला तर गावाचं अन् आजोबाचं नाव मला मेसेज करा, म्हाताऱ्या माणसाला विचारलं की लगेच कळतंय, रान कुणाचं होतं ते कोण विसरत नाही.

शाळू – ७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

इथं धागा एवढा भरला अन् लातूरवाले गप्प, बरं दिसत नाही. आम्ही तर दरवर्षी अख्खा जिल्हा मिळून रानात जातो, वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्या भाषेत येळवस. यंदा १९ डिसेंबरला आहे. कडब्याची कोप करून त्यात पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. शहरात दुकानं बंद असतात त्या दिवशी, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. वाकळभाऊ, आत्ता जमलं नाही तर तेव्हा आमच्याकडं या, आग्रह आहे.

कन्नडकर – ७ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

शाळू, उंडे आणि वाफवलेले मुटके एकच का? आमच्याकडं येळवस नाही, म्हणून विचारलं.

शाळू – ७ नोव्हेंबर, दुपारी ४:११

नाही हो! खाल्ल्याशिवाय कळणार नाही. तुम्ही पण या.

रानजाई – १४ नोव्हेंबर, रात्री ९:००

काय झालं, शेत सापडलं का?

वाकळ – १४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सापडलं! पाटोद्याचा यांच्या मावशीच्या सासऱ्यांना आजोबा आठवत होते. शेत ज्यांच्याकडं आहे त्यांच्याशी फोनवर बोललो. घाबरत घाबरत विचारलं, जमिनीवर हक्क सांगायला आलोय असं वाटायचं म्हणून आधीच सांगून टाकलं की फक्त दोन रात्री आभाळ बघायचंय. पलीकडून म्हातारबाबा म्हणाले, आभाळाला काय आडकाठी हाय, ये की.

वाकळ – २५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, तुम्हा सगळ्यांचं देणं आहे.

शुक्रवारी चारला पोचलो. घरात म्हातारबाबा, आजी आणि दोन नातवंडं. दोन्ही मुलं-सुना तोडीला गेलेल्या. पोलीस पाटलांना भेटून आलो, ते म्हणाले म्हातारबाबांनी आधीच सांगितलंय. सात एकरात आता तूर, हरभरा आणि दीड एकर शाळू ज्वारी. बांधाला सीताफळीची झाडं, फळं जवळजवळ संपलेली, आजींनी राखून ठेवलेली दोन हातावर ठेवली.

माळा नाहीये. त्या जागी आता पत्र्याचं शेड आहे. म्हातारबाबांनी मला बरोब्बर जागा दाखवली, लिंबाच्या बुंध्यापासून दहा पावलं. ते आमच्या बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठे, दोघं मिळून करवंदं खायचे म्हणे. मला हे कधीच माहीत नव्हतं.

पहिल्या रात्री तंबू ठोकला, गुळी टाकली, पट्टी लावली, सगळं इथं सांगितल्याप्रमाणं. आणि साडेबाराला ढग आले. उत्तर बाजू पूर्ण झाकली. दोनपर्यंत बसलो, मग रडू आलं, मग झोपलो.

शनिवारी दिवसभर हरभऱ्यात नातवंडांबरोबर होतो. संध्याकाळी ते कुसळीचं पेटलेलं माळरान मिळालं, वाऱ्यानं लाटा येत होत्या, घाटाच्या कडेपर्यंत. चंद्रकोर सातच्या सुमाराला बुडाली. रात्री बाबा काठी अन् घोंगडी घेऊन आले. रानडुकरं शाळवात शिरतात म्हणून त्यांची जागल असतेच. मी मनातून जरा खट्टू झालो होतो, एकट्याला राहायचं होतं ना. अर्ध्या तासात ते विसरलो. शेकोटी शेडच्या मागं नांगरलेल्या जमिनीत केली, गवतापासून लांब, त्यांनीच जागा निवडली.

एकच्या सुमाराला बाजल्याचे चारही पाय दिसले. माजलगावकडचा उजेड क्षितिजाला तांबूस पट्ट्यासारखा होता, त्यातून वर आलं. मग पहिला चोर. मग दुसरा, त्याला बऱ्यापैकी वेळ लागला. मी कॅमेरा लावून दिला होता, २० सेकंदाचे फ्रेम, आयएसओ ३२००, एफ २.८, एकामागून एक. बाबा घोंगडीत डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. पावणेतीनला तिसरा चोर उजेडातून सुटला आणि ते डोळे न उघडता म्हणाले, 'आला का?' मी म्हटलं आला. 'मग आता तू झोप, माझी पाळी.'

मी झोपलो. तंबूत नाही, तिथंच, शेकोटीपाशी.

साडेतीनशेच्या वर फ्रेम आहेत. एकत्र केलेला फोटो खाली लावलाय. डावीकडं शेडचा कोपरा आणि लिंब, मधे घोंगडीतले बाबा, त्यांना विचारून ठेवलेत फ्रेममध्ये. तिन्ही चोर मोजून बघा.

शटरवाला – २५ नोव्हेंबर, रात्री ११:४४

मोजले. तिसरा थोडा हललाय, शेवटचे दहा फ्रेम वगळून बघा, टोकदार येईल. पण हा फोटो मी मोठा करून लावला असता.

मांजराकाठचा_डॉक्टर – २६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बाबांचा खोकला वगैरे ठीक आहे ना? त्या वयात रोज रात्री जागल. बीपी एकदा बघून घ्यायला सांगा.

वाकळ – २६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ठीक आहेत डॉक्टरसाहेब. बीपीचं फोनवर सांगतो, पुढच्या महिन्यात प्रिंट द्यायला जाणारच आहे, तेव्हा सोबत घेऊन दवाखान्यात जाईन. शाळू, १९ तारखेला येतोय, बायको आणि मुलगी पण.

शाळू – २६ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

या या या! उंडे जास्तीचे करतो.

पाटोद्याचा – २८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दादा, तुमचा फोटो आईला पाठवला होता. काल रात्री फोन आला तिचा. म्हणली, हे तर आमच्या कोपीच्या दारातनं बी दिसतंय, तीनला तोडीला निघतो तवा. तिसरा चोर आला की मुकादम हाक मारतोय म्हणली.

तिला प्रिंट पाहिजे. मोठी नको, पेटीत मावंल एवढी.